टिंब कुठंय?

गणिताच्या बाई वही तपासताना दशांशचिन्ह पुसट दिसलं, की लाल पेनानं त्यावर टिंब द्यायच्या. कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर हाताला लागायचं इतकं दाबून. उत्तर बरोबर असलं तरी समासात लिहायच्या, ‘हे दिसलं पाहिजे.’ एकदा मी ‘लांबी = ५’ एवढंच लिहून वही पुढे केली. ‘पाच काय?’ त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, वही परत दिली आणि पुढच्या मुलाची घेतली. मी जागेवर जाऊन ‘सेमी’ लिहिलं.

आलेख शिकवायला लागल्या तेव्हा पहिले दोन तास त्यांनी एकही बिंदू काढू दिला नाही. आरंभबिंदू कुठं धरायचा, क्ष-अक्ष कुठला, य-अक्ष कुठला, एका घराला किती धरायचं, हेच चाललं होतं. कुणी घाई केली की म्हणायच्या, ‘कुठून मोजतोयस ते आधी सांग. किती ते नंतर.’

आणि चित्रकलेच्या सरांचं पेन्सिलीला टोक करणं! एचबीला जेवढं लांब टोक, तेवढं मऊ ४बीला करायचं नाही, ते मोडतं. २एच कडक असते, तिला लांब चालतं. ‘शिसं बघून ब्लेड धर,’ एवढंच सांगायचे. ते आम्हाला पेन्सिलीपुरतंच वाटायचं.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘शाळेनं काय दिलं’ यावर लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मला ही माणसं आठवली. याचं कारण माझं काम आहे. मी टर्नर. लोखंड फिरतं आणि स्थिर धरलेलं टूल त्याला सोलत जातं, असं हे काम. सुरुवातीची बरीच वर्षं साध्या लेथवर गेली. तिथं सगळा कारभार हाताचा. चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा बांधायचा, सेंटरिंग काढायचं, डायल फिरवून कट घ्यायचा. टूल आत जितकं सरकवू त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो. हे ज्याच्या हातात बसलं नाही त्याचे पहिले जॉब अंडरसाईजच होतात. टूलला धार लावायला ग्राइंडरसमोर उभा राहिलो आणि चित्रकलेचे सर आठवले. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला धार तीक्ष्ण, उताराची चालते. कडक पोलादाला तशी लावली तर टोक उडतं, तिथं धारेमागं जाड अंग ठेवावं लागतं. शिसं बघून ब्लेड धर.

मला हाताशी धरून शिकवलं ते आमच्या मामांनी. सगळा विभाग त्यांना मामाच म्हणायचा. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण चिपचा, म्हणजे सोलून निघणाऱ्या किसाचा, रंग बघून टूल किती तापलंय ते सांगायचे. निळी चिप यायला लागली की स्पीड बघायचे. एकदा नुकताच उतरवलेला जॉब मी मायक्रोमीटरनं मोजायला घेतला तर त्यांनी हातातून काढून घेतला. ‘गरम आहे. आत्ताचं माप खोटं.’ नंतर मी हिशेब करून पाहिला. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब चाळीस अंशांनी तापला, तर साधारण साडेचार शतांश मिलिमीटर फुगतो. बारीक कामात एवढ्यावर जॉब रिजेक्ट होतो. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे तापमान प्रमाण धरतात, त्याचं कारण हेच.

मग सीएनसी मशीन आलं. आकड्यांच्या हुकमावर चालणारं पहिलं मशीन अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५२ साली दाखवलं गेलं होतं, छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते हुकूम घ्यायचं. आमच्यापर्यंत ते यायला पुष्कळ वर्षं लागली. आलं तेव्हा त्याला पडदा होता आणि दार होतं. मामांना त्या दारानंच जास्त त्रास दिला, असं मला वाटतं. आत कूलंटचा, म्हणजे थंड करणाऱ्या द्रवाचा मारा, काचेवर थेंब, चिपचा रंग दिसेना. ज्या डोळ्यांवर त्यांनी आयुष्य काढलं, त्यांच्यापुढं दार बंद झालं होतं. दोन आठवडे ते त्या मशीनकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, ‘तू शिकवशील?’

ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी काय शिकवणार, हा विचार आलाच. पण त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता. मग मी बाईंचा मार्ग धरला. कोड नंतर, आधी आलेख कागद. जॉबच्या तोंडाचा मध्य म्हणजे आरंभबिंदू. अक्ष दोनच: एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी. मामांनी हे दोन दिवसांत पचवलं, कारण ते तीस वर्षं हेच करत होते, फक्त डायलवर. मग कोड: जी शून्य म्हणजे हवेत धावणं, जी एक म्हणजे कापत चालणं. हे त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. आणि एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. आमच्या मशीनच्या कंट्रोलला प्रत्येक मापात टिंब द्यावंच लागतं. ‘५२.’ लिहिलं तर तो बावन्न मिलिमीटर समजतो. टिंब राहिलं तर बावन्न मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ शून्य.

महिनाभरानं ही चूक माझ्याच हातून झाली. पंचावन्न व्यासाचा बार होता, पहिला कट बावन्नवर घ्यायचा होता. प्रोग्रॅम मी लिहिला, मीच चढवला आणि घाईत ड्राय रन, म्हणजे न कापता रिकामी फेरी, न घेता सायकल स्टार्ट दाबलं. टूल बारच्या कडेला थांबायच्या ऐवजी खाली मध्यापर्यंत गेलं. मला ते दिसलं, पण हात बटणावर पोचेपर्यंत ते जॉबच्या तोंडात घुसलं होतं. कडाडून आवाज आला. इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या पात्याचे तुकडे झाले, टूल होल्डर वाकला, बार चकात सरकला. दार बंद होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून त्या दाराबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

माझे पाय थरथरत होते. मामा आले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्यासमोर उभे राहिले आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले, पहिलीतलं मूल वाचतं तसं. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

‘टिंब कुठंय?’

बाईंचा प्रश्न, बाईंच्याच आवाजात म्हणावा इतका शांत, आणि विचारणारे होते सातवी शिकलेले मामा. बाईंनी मला दिलेलं मी त्यांना दिलं होतं. माझ्याकडून ते सुटलं, त्यांनी धरून ठेवलं होतं.

पुढं मामांनी त्या मशीनवर जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. डोळ्यांचं काम त्यांनी कानाला आणि तळहाताला दिलं. चालू मशीनच्या दारावर हात टेकवून उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘टूल बसलं.’ म्हणजे धार गेली. पडद्यावर स्पिंडलवरचा, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्यावरचा, लोड टक्क्यांत दिसतो हे कळल्यावर हाताला जाणवणारी थरथर आणि तो आकडा त्यांनी ताडून पाहिला. नव्या इन्सर्टला लोड किती, किती जॉबनंतर तो चढतो, कितीवर गेला की इन्सर्ट फिरवायचा, हे सगळं एका जाड पुठ्ठ्यावर लिहून मशीनला अडकवलं. निवृत्त झाले तेव्हा तो पुठ्ठा तिथंच ठेवून गेले. नवी मुलं तोच बघून इन्सर्ट बदलायची. शिक्का, सही काही नसलेला असा दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही.

आता माझ्या शिकण्याची पाळी आहे. हल्ली प्रोग्रॅम हातानं लिहावा लागत नाही. संगणकावर जॉबचं चित्र काढलं की सॉफ्टवेअर शेकडो ओळी स्वतः लिहितं, टिंबसुद्धा चुकत नाही. ते मला एक तरुण सहकारी शिकवते आहे, माझ्या मुलीच्या वयाची. परवा तिनं १२० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टचा टूलपाथ, म्हणजे टूलची वाट, दाखवला. निळ्या-लाल रेघा, चित्र सगळ्या बाजूंनी फिरवता येतं, फारच सुंदर. मी तिला विचारलं, ‘झिरो कुठं धरलायस?’

‘काका, मागच्या तोंडावर. चकाकडं.’

मशीनवर मी पुढच्या तोंडावर धरला होता. तसंच चालवलं असतं तर टूल १२० मिलिमीटर बाहेर सरकून, नुसतं हवेत फिरलं असतं. उलट असतं, तिचा झिरो पुढं आणि माझा मागं, तर थेट चकात.

ती क्षणभर गप्प झाली. मग तिनं सेटअपचा कागद पुढं ओढला, टेबलावरचं पेन घेतलं आणि शाफ्टच्या चित्राच्या उजव्या कडेवर, मधोमध, एक गडद टिंब काढलं.