पेटीच्या दाराशी

डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरलेला बहार, फुललाय. काल अंधार पडल्यावर बागेत मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या. दिवसा हलवल्या तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागीच घिरट्या घालत बसतात.

सकाळी नऊला काय धांदल! एक माशी फुलातून निघाली ती पिवळीधमक, मागच्या पायांवर परागाचे गोळे. घंटेसारखं फूल नर, ते गळणारच. बुडाशी फुगीर असतं त्याचं फळ. माशी बिचारी दोन्हीकडं जाते.

दहाला शेजारच्या रानात औषध फवारायचा ब्लोअर सुरू. पळतच बांधावर गेलो.

"दादा, संध्याकाळी मारा की, माश्या घरी गेल्यावर!"

"तुला माश्यांचं पडलंय, मला थ्रिप्सच्या किडीचं," म्हणाले. पण बंद केला.

दुपारी पेटीच्या दाराशी मेलेल्या मोजल्या. अकरा.

उद्या त्यांच्याकडं चहाला जाणार आहे.