वहीत लिहिणं आणि मान हलवणं

व्यसनमुक्तीनंतरच्या पाठपुराव्याचा आमचा गट दर गुरुवारी भरतो. आठ जण, गोलात मांडलेल्या खुर्च्या, दीड तास.

गटात एक रिक्षावाले काका होते. दारू सोडून वर्ष होत आलेलं, बोलणं ओघवतं. शांतता पसरली की मी म्हणायचो, "काका, तुम्ही सुरुवात करा." त्याच गटात गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा होता. चार गुरुवार त्याचं एकच वाक्य : "बरं चाललंय सर."

त्या गुरुवारीही काका बोलत होते. पोरगा नखातलं काळं ऑइल दुसऱ्या नखानं कोरत बसला होता. एकदम म्हणाला, "सर, काका बोलले की तुम्ही मान हलवता. आम्ही बोललो की वहीत लिहिता."

खुलासा अगदी ओठांवर आला होता. पण तो बोलला ते खरंच होतं. मी वही मिटून खुर्चीखाली ठेवली. "खरंय. माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

"रविवारी प्यायलो," तो म्हणाला. "इथं सगळ्यांचं चांगलंच चाललेलं असतं. कुठल्या तोंडानं सांगणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्करी रुग्णालयात काम केलेल्या विल्फ्रेड बायन या मनोविश्लेषकानं हे नेमकं हेरलं होतं : गट सगळा भार पुढाऱ्यावर टाकतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. मी तेव्हा समजुतीचे चार शब्द बोललो असतो, तर विषय तिथंच मिटला असता. "इथं चांगलंच सांगायचं असतं" हे त्या पोराला मीच तर शिकवलं होतं, काकांपुढे मान हलवून हलवून. मी नजर फरशीवर ठेवली. गप्प राहणं फार जड गेलं.

बऱ्याच वेळानं कोपऱ्यातला एक जण बोलला, "माझी पण स्लिप झाली. दिवाळीत. सांगितलं नाही." तो हे माझ्याकडे नाही, पोराकडे बघून बोलला. गटात असं पहिल्यांदाच घडत होतं.

काकांनी खुर्ची पोराकडे वळवली. त्यांचा नेहमीचा ओघ कुठल्या कुठे गेला होता. "रविवारी मला फोन करत जा," ते अडखळत म्हणाले. "दुपारी रिक्षा लावली की मलाही घर खायला उठतं, बाळा. बोललो नाही कधी."