ग्लोव्ह्जवरचा निळा रंग

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले, तेव्हा मी बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, तिसऱ्या वर्षाला होते. आठवड्याभरात कॉलेज बंद झालं. क्लिनिकमध्ये परत पाऊल टाकलं ते थेट २०२१ च्या सुरुवातीला, आणि तेही लगेच पेशंटपाशी नाही. आधी इन्फेक्शन कंट्रोलचं प्रशिक्षण पूर्ण करा, मगच चेअर मिळेल, असं मॅडमनी बजावलं.

पहिल्या दिवशी लेखी परीक्षा. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, तापमान, दाब, वेळ? १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड, १५ मिनिटं. वापरलेली सुई? भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. घरी बसून इतके वेबिनार ऐकले होते की जवळपास सगळ्यांनाच चांगले मार्क पडले. मला वाटलं, झालं, सोमवारपासून पेशंट.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला पीपीई घालायला लावला आणि प्रत्येकाच्या ग्लोव्ह्जवर निळा पोस्टर कलर चोळला. "ही पेशंटची लाळ समजा. आता सगळं उतरवा."

क्रम मला तोंडपाठ होता. डावा ग्लोव्ह कडेला चिमटीत धरून उलटा केला, तो जमला. उजव्याच्या आत बोट सरकवताना घाई झाली. गाऊनची गाठ सापडेना. शील्ड काढताना चष्मा घसरला आणि तो सावरायला हात आपोआप वर गेला. मग मॅडमनी आरशासमोर उभं केलं. मनगटावर निळी रेघ, चष्म्याच्या दांडीवर ठिपका आणि डाव्या कानामागे बोटाचा अख्खा ठसा. तो ठसा बघून माझ्या पोटात गोळाच आला. घरी आजोबा होते, ८१ वर्षांचे. संध्याकाळी सिंहगड रोडला घरी पोचले की मी त्यांच्याच शेजारी बसायचे.

त्या दिवशी आमच्या बॅचमधलं एकही जण स्वच्छ निघालं नाही.

पुढचे तीन दिवस तेच. प्रत्येक वस्तू काढली की हाताला सॅनिटायझर. मास्क सगळ्यात शेवटी, पुढून अजिबात न धरता. आधी खालचं इलॅस्टिक, मग वरचं. चौथ्या दिवशी अंगावर रंग सापडला नाही आणि मॅडमनी सही केली.

पण पीपीईपेक्षाही जड गेल्या त्या जुन्या सवयी. कोरोनाआधी आम्ही काय करायचो ते आठवलं की मला आजही अपराधी वाटतं. पेशंटच्या तोंडात घातलेल्या ग्लोव्हनेच लाइटचं हँडल ओढायचं, ड्रॉवर उघडायचा, केसपेपर लिहायचा, आणि ते पेन परत एप्रनच्या खिशात. हिपॅटायटिस बी तेव्हाही होता, टीबीही होता. आम्ही हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घेऊन निर्धास्त होतो. आमच्यानंतर त्या चेअरवर बसणाऱ्या पेशंटने लस घेतली होती की नाही, हे कुणी विचारलं होतं?

स्टरिलायझेशन रूमच्या मावशींकडून मी सगळ्यात जास्त शिकले. माझा ट्रे त्यांनी परत केला. दातांवरचं कीटण खरवडायच्या एका स्केलरच्या टोकाला सुकलेल्या रक्ताचा कणभर डाग होता. "ताई, आधी ब्रशनं घासून आणा. रक्त वाळलं की त्याच्याखाली वाफ पोचत नाही." पाकिटावरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या की काम झालं, असं मी धरून चालले होते. ती टेप फक्त पाकिटाला उष्णता लागली एवढंच सांगते, आतले जंतू मेले की नाही ते नाही, हेही त्यांनीच समजावलं. इतकी वर्षं त्यांना आम्ही नुसतं "मावशी, ट्रे द्या" एवढंच म्हणत होतो.

मग पहिली पेशंट मिळाली, भोरहून आलेल्या एक आजी. हिरड्या सुजलेल्या. अल्ट्रासॉनिक स्केलरने तुषार उडतात, म्हणून सुरुवातीला आम्हाला हातानेच स्केलिंग करायचं होतं. आधी पोव्हिडोन आयोडिनच्या पातळ द्रावणाने चूळ भरून घेतली. पार्टनरने लाळ ओढून घेणारं सक्शन धरलं. शील्डवर वाफ जमत होती, एन-९५ खाली घाम, आणि एरवी जे चटकन उरकलं असतं त्याला तासभर लागला. आजी मात्र शांत होत्या. "सावकाश कर गं बाई, मला घाई न्हाई," म्हणाल्या.

काम संपलं. केसपेपर समोरच होता. मी हात पुढे केला.

"पेन!" पार्टनर ओरडली.

हात तसाच थांबवला. ग्लोव्ह्ज काढून लाल पिशवीत टाकले, नळाशी जाऊन हात धुतले आणि मग आजींचं नाव लिहिलं.