जॉइंटातल्या रिंगा

खानापूर तालुक्यातल्या एका गावात 1 लाख लिटरच्या उंच पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं, डिझाइन माझं, गोलात सहा कॉलम, 12 मीटर उंची. त्या दिवशी पहिल्या ब्रेसिंग बीमचं, म्हणजे कॉलम एकमेकांना बांधणाऱ्या आडव्या बीमचं, काँक्रीट होतं, मिक्सरजवळ माणसं तयार, मी बेळगावहून बाईकनं पोचलो आणि स्टील बघायला वर चढलो. कॉलममधल्या रिंगा, म्हणजे उभ्या बारना बाहेरून वेढणाऱ्या सळईच्या कड्या, 100 मिमी अंतरावर बरोबर होत्या, पण जिथं बीम कॉलमला मिळतो त्या जॉइंटात एकपण रिंग नाही, आणि रिंगांच्या टोकांचे सगळे हूक 90 डिग्रीला वाकवलेले.

काम थांबवा म्हटलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "सर, ही काय बिल्डिंग न्हवं, टाकी हाय. आणि भूकंप कुठला आपल्याकडं?"

कोयना इथून लांब नाही, 1967 चा हादरा आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात. डिझाइनला मी भूकंपाचा झोन 3 धरलेला, वर दीडपट इम्पॉर्टन्स, म्हणजे महत्त्वाचं बांधकाम म्हणून भूकंपाचा जोर दीडपट धरलेला, कारण भूकंप झाल्यावर गावाला पाणी लागतंच, आग लागली तर आधी लागतं. भरल्यावर नुसतं पाणीच 100 टन, ते सगळं टोकाला, खाली सडपातळ कॉलम. खालचं पाणी टाकीच्या भिंतीबरोबर हलतं, वरचं आपल्या लयीत हिंदकळतं, आणि ह्या सगळ्याचा आडवा जोर शेवटी जॉइंटावर येतो. बिल्डिंगमध्ये एक कॉलम गेला तर भार दुसरीकडं जायला भिंती, बाकीचे कॉलम असतात, इथं सहाच. 2001 ला कच्छमध्ये चोबारीची टाकी पडली, ती कॉलमवर नव्हती, गोल शाफ्टवर, म्हणजे काँक्रीटच्या एकाच पोकळ नळकांड्यावर होती, पण दुसरा आधार तिलाही नव्हता.

फिटर विजापूरकडचा. त्याला बोलून नाही पटायचं म्हणून 90 ची एक रिंग घेतली, हूकमध्ये पाना घालून ओढली, लगेच उघडली. भूकंपात सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर फुटलं की हेच होतं. मग 135 ला वाकवून, 65 मिमी शेपटी आत ठेवून दाखवलं, आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेली शेपटी बाहेर येतच नाही. त्यानं रिंग हातात फिरवून बघितली आणि विचारलं, "एल्ला बिच्चबेकेन्री?" होय, सगळं सोडायचं.

बीमचे बार बाहेर काढल्याशिवाय जॉइंटात रिंग जात नाही, त्यामुळं अंधार पडेपर्यंत दोनच कॉलम झाले. कॉन्ट्रॅक्टर माझ्याशी बोलला नाही, त्याचा दिवसाचा रोज गेला हे मला दिसत होतं, पण सही केली नाही.

दोन दिवसांनी परत गेलो. दर जॉइंटात पाच रिंगा, सहाही कॉलम हातानं चाचपून मोजले, मग सही केली.