झोप कुठं लागते?

ओपीडीचं दार उघडत होते तेवढ्यात फोन आला. सर गेले. पहाटे छातीत दुखतंय म्हणाले, काकू पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. परवाच आमचं फोनवर बोलणं झालेलं. अंत्यविधी चारला, लातुरात. बाहेर बाकावर अकरा माणसं बसली होती. एवढी बघायची आणि निघायचं, असं ठरवलं.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सर मानसशास्त्राचे नवे प्राध्यापक होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून झोपलेली माणसं पहाटे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. काही महिन्यांनी सर प्रश्नावली घेऊन पत्र्याच्या शेडांतून फिरत होते. ‘झोप लागते का?’ या प्रश्नाला एक आजी म्हणाली, ‘लागती की.’ सरांनी ‘होय’वर खूण केली. निघताना त्यांना आजीचं अंथरूण दिसलं, शेडच्या बाहेर, उघड्यावर. त्या पहाटेपासून ती छताखाली निजलीच नव्हती. खूण खोडलेला तो कागद सर दर वर्षी नव्या तुकडीला दाखवायचे. नैराश्य हा शब्द पेशंटसमोर काढू नका, जीव लागतो का ते विचारा, हेही त्यांचंच.

सातवा पेशंट पंचेचाळिशीचा शेतकरी. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) डोकं दुखतं म्हणून आलेला, तपासण्यांत काही निघालं नव्हतं, म्हणून माझ्याकडे पाठवलेला. नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा तक्ता भरला. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा, त्यालाही ‘नाही’. झोप? ‘लागती.’ माझं लक्ष घड्याळाकडे होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. पेन खाली ठेवता ठेवता विचारलं, “दादा, झोपता कुठं?”

“आखाड्यावर.”

म्हणजे रानातल्या खोपीवर. सोयाबीन काढून, विकूनही झालेलं. रानात राखण करायची कशाची?

मग सरळच विचारलं, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती आम्हा विद्यार्थ्यांनाही होती. सरांनी ती आमच्यातून मुळासकट काढली होती. तो बराच वेळ चपलांकडे बघत राहिला.

“औषध तिथंच हाय,” म्हणाला.

फवारणीचं. त्यानंतर त्याला एकटं सोडलं नाही. भावाला फोन करून आखाड्यावरचे सगळे डबे हलवायला लावले. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. बायको गावाहून आली, तिच्याशी निवांत बोलले, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. उरलेले चौघे तोवर थांबून होते. त्यांचं संपलं तेव्हा साडेपाच झाले होते.

सरांना शेवटचं बघता आलं नाही. ते अजून आत टोचतं.

लातूरला पोचले तेव्हा रात्र झाली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, काकू भिंतीला टेकून बसलेल्या. जो तो त्यांना थोडं पडा म्हणत होता, आणि त्या मान हलवत होत्या. मी जवळ बसले. “काकू, झोपणार कुठं?”

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “तिथं नको.”

आम्ही दोघींनी अंगणात सतरंजी अंथरली.