११ थाऊ

आज दिवसभर कोल्हापुरात, उद्यमनगरात तात्यांच्या शेडमध्ये होतो. आप्पांची जुनी बुलेट, ७० मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). मागच्या वेळी एकाने घाईत इंजिन बांधून दिलं आणि आंबा घाटात पिस्टन धरला, सिलिंडरमध्येच अडकून बसला.

तात्यांनी आधी पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड धरून हलवला. बाजूला किंचित हलला, वर-खाली अजिबात नाही. "रॉड चांगलाय पोरा, राहू दे."

मग २० थाऊ ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा पिस्टन. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बोअर करायच्या आधी पिस्टनच मोजला, खाली स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भिंतीला), पिनच्या आडव्या दिशेने. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून थंडपणी ढिला वाटणारा पिस्टन गरम झाल्यावर बरोबर बसतो. पिस्टन आणि बोअरमध्ये ४ थाऊ फट सोडली.

पिस्टनची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला तर रिंगच्या दोन टोकांमधला गॅप ६ थाऊ! कोऱ्या पाकिटातली रिंग. बोअरच्या दर इंचाला ४ धरले तर पावणेतीन इंचाला ११ हवेत. टोकं भिडली की रिंगला फुगायला जागाच नाही, बॅरल (सिलिंडर) ओरबाडला म्हणून समजा. तात्यांनी बारीक कानस माझ्या हातात दिली. दोन घासे, माप, पुन्हा दोन घासे. दोन रिंगांना पाऊण तास गेला. ११ ची पट्टी अलगद सरकली तेव्हा अंगावर काटा आला.

लगेच आप्पांना फोन केला. "बरं झालं," म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ गाडीबद्दलच बोलत राहिले.