गोधडीची कड का उसवते?

मी गोधड्या शिवते हे कळल्यावर लोक नमुन्याबद्दल आणि रंगसंगतीबद्दल विचारतील, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेकजणी एकच विचारतात : "गोधडी अजून धडधाकट आहे हो, पण कड उसवली. तुमची कशी उसवत नाही?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक कबूल करते. माझीही कड उसवते. फक्त ती कोणत्या जागी उसवावी, हे मी शिवायला बसण्याआधी ठरवलेले असते.

दुरुस्तीला आलेली गोधडी मी प्रथम उजेडात धरून कडेची शिवण पाहते. दहांतल्या सात-आठ गोधड्यांमध्ये दोरा जसाच्या तसा शाबूत असतो आणि सुईने पाडलेल्या भोकांच्या ओळीवरून कापडच फाटलेले असते, म्हणजे आपण जिला उसवणे म्हणतो ते खरे तर फाटणे असते. मजबुतीच्या हव्यासाने बारीक टीप मारली, त्यावर आणखी एक मारली आणि दोरा जाड नायलॉनचा घेतला, तर जुन्या मऊ लुगड्याची आपल्याच हातांनी चाळण होते. गोधडीची कड शिवताना दोरा कापडापेक्षा वरचढ नसावा आणि कडेची पट्टी गोधडीपेक्षा वरचढ नसावी, कारण ओढाताण झालीच तर आधी दोरा तुटावा, नाहीतर पट्टी विरावी. गोधडीला इजा होऊ नये. या पट्टीला कुणी गोट म्हणते, कुणी मगजी म्हणते, शिवणक्लासात शिकलेल्या मुली पायपिन म्हणतात. नाव काहीही असो, ती गोधडीच्या वाट्याची झीज स्वतःवर घेण्यासाठी लावलेली असते.

आजीच्या हातच्या गोधड्यांना वेगळी पट्टी नसेच. वरचे आणि खालचे लुगडे आतल्या थरांपेक्षा चार बोटे मोठे ठेवून ते आत दुमडायचे, कडेलाच पहिला धावदोरा घालायचा आणि तिथून आत आत सरकत मध्यावर यायचे, अशी तिची रीत होती. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत जात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावतात; फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. अशी दुमडलेली कड दिसते सुंदर, आणि शिवणही कमी लागते. तिचा दोष एवढाच, की घडी झिजली म्हणजे गोधडीचे अंगच झिजले, आणि मग उपाय म्हणून वरून पट्टी लावावीच लागते. म्हणून मी ती पहिल्यापासून लावते.

पट्टीसाठी नवे सुती कापड घ्यावे, पण ते धुऊन घ्यावे. पूर्वी मी हा टप्पा टाळत असे. एकदा भाचीच्या बाळाच्या दुपट्याला लालभडक पट्टी लावून दिली आणि पहिल्याच धुण्यात ते पांढरे दुपटे कडेने गुलाबी होऊन परत आले, तेव्हापासून कोणताही लाल तुकडा पांढऱ्या फडक्यासोबत भिजवून पाहिल्याशिवाय मी कात्रीखाली घेत नाही. रंगापेक्षाही मोठी अडचण कापड आटण्याची असते. गोधडीचे अंग वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्यांचे, ते आटायचे तेवढे आटून गेलेले असते. नवी पट्टी मात्र शिवल्यानंतर आटली तर ती कडेला चुण्या पाडते. याच कारणाने साडीचा जरीचा काठ किंवा इरकलीचा रेशमी पदर पट्टीला वापरण्याच्या मी विरुद्ध आहे, हौसेने कुणी कितीही आग्रह केला तरी. असा पदर आणि सुती अंग धुण्यात सारखे वागत नाहीत, आणि जरीची तार हनुवटीला टोचते ते निराळेच.

पट्टी सरळ कापावी की उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी, हा वाद मला थोडा वाढवून सांगितलेला वाटतो. उरेब पट्टीत कडेच्या घडीला धागे तिरपे आडवे जातात, त्यामुळे एखादा धागा तुटला तरी फाट लांबवर जात नाही, उलट सरळ पट्टीत घडी एकाच धाग्यावर बसते आणि त्या रेषेवर झिजते. हे सगळे खरे आहे. पण उरेब पट्टी ताणली जाते, आणि नवख्या हाताखाली तर फारच. मी गोल कोपऱ्यांच्या दुपट्याला उरेब वापरते, कारण तिथे वळायला दुसरी पट्टी चालतच नाही, आणि चौकोनी गोधडीला सरळ आडवी पट्टी दुहेरी करून लावते. पातळ गोधडीला अडीच इंच रुंदीची आणि पाच-सहा लुगड्यांच्या जाड गोधडीला तीन इंचांची पट्टी कापून ती मधोमध दुमडली, की कडेवर कापडाचे दोन थर येतात. 90 बाय 60 इंचांच्या गोधडीचा घेर 300 इंच होतो, त्यात कोपरे आणि जोड यांसाठी 12 इंच धरावेत. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंची आठ पट्ट्या काढल्या तर त्या पुरतात, म्हणजे आटण्याचा हिशेब धरून पाऊण मीटर कापड आणावे. पट्ट्या एकमेकींना तिरप्या शिवणीने जोडाव्यात. सरळ जोडल्या तर सगळी जाडी एका जागी येते आणि तिथे मशिनचा पाय अडखळतो.

आता मुख्य गोष्ट. पट्टी कितीही चांगली असली तरी तिच्या आत गोधडीचे सगळे थर नसतील तर ती टिकत नाही. धावदोरा घालताना आतले थर सरकतात, कुठे अर्धा इंच मागे राहतात, आणि मग पट्टीत फक्त वरचे आणि खालचे कापड सापडते. आतून पोकळ राहिलेली ती कड धुताना पिळली की सर्वांत आधी फाटते. म्हणून धावदोरा पुरा झाल्यावर मी गोधडी जमिनीवर पसरते, कडेने चाचपत जाते, मागे राहिलेल्या थराच्या जागी तुकडा घालते, कडा फूटपट्टी धरून सरळ कापते आणि कडेपासून दोन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सगळे थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र बांधून घेते. या कामाला अर्धी दुपार जाते आणि नंतर ते कुणालाही दिसत नाही.

दुमडलेल्या पट्टीची मोकळी कड गोधडीच्या सुलट बाजूच्या कडेला जुळवून तीन सुतांवर टीप मारावी. मशिनला 16 नंबरची सुई लावावी आणि टाका नेहमीपेक्षा लांब ठेवावा; इंचाला आठ पुरेत. पट्टी ओढू नये. माझ्या पहिल्या मोठ्या गोधडीची पट्टी मी घट्ट बसावी म्हणून ताणून लावली होती आणि ती गोधडी कधीही अंथरुणावर सपाट बसली नाही. चारही बाजूंनी ती परातीच्या काठासारखी वर वळलेली असे.

कोपरा शब्दांत सांगणे अवघड आहे, तरी सांगते. कोपऱ्याच्या तीन सूत अलीकडे टीप थांबवून दोन टाके मागे घ्यावेत, दोरा कापावा आणि गोधडी वळवून घ्यावी. पट्टी वर, गोधडीपासून दूर अशी दुमडावी, म्हणजे तिरपी घडी पडते. मग तीच पट्टी खाली पुढच्या बाजूवर आणावी, अशी की वरची नवी घडी गोधडीच्या नुकत्याच शिवलेल्या बाजूच्या कडेशी बरोबर जुळेल, आणि तिथून पुन्हा टीप सुरू करावी. कोपऱ्यावर एक छोटा उभा पंख राहतो. पट्टी मागे उलटवताना हा पंख आपोआप नीटस तिरपा बसतो. उलट बाजूची घडी मात्र समोरच्या घडीच्या विरुद्ध दिशेने पाडावी, म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते आणि कोपऱ्यात खडा घातल्यासारखे लागत नाही. आधी वहीच्या कागदाची पट्टी करून ही घडी पाहावी. मी तशीच शिकले. पट्टीची दोन टोके कोपऱ्यात कधीही जोडू नयेत, ती एखाद्या बाजूच्या मध्यावर जोडावीत.

उलट बाजू मी हातानेच शिवते. मशिनने लवकर होते हे मान्य आहे, पण मशिनची टीप मागे कुठे पडते यावर आपला ताबा नसतो, आणि शिवाय ती उसवायला गेले की अंगाचे कापड कातरले जाते. हातभर सुती दोरा मेणावरून एकदा ओढून घ्यावा आणि टिपेची रेघ पट्टीच्या घडीखाली झाकली जाईल अशा बेताने, दीड-दोन सुतांच्या अंतराने हेमचा टाका घालावा. सुई मागच्या लुगड्यातून आणि आतल्या एखाद्या थरातून जावी, समोर दिसू नये. दर वीतभर अंतरावर एक टाका जागच्या जागी दोनदा घ्यावा. म्हणजे पुढे कधी दोरा तुटलाच तर वीतभरच उसवेल.

गोधडीच्या चार बाजू सारख्या झिजत नाहीत. डोक्याकडची बाजू हातांनी ओढली जाते, हनुवटीखाली दाबली जाते, तेल आणि घाम तिलाच लागतो. म्हणून त्या बाजूवर मी पट्टी झाल्यानंतर आणखी एक हातरुंद फडके दुमडून, लांब धावदोऱ्याने टाचून ठेवते. तेवढेच काढून धुता येते, आणि दोन-तीन वर्षांनी बदलताही येते. जी जागा उसवावी असे मी ठरवते म्हणून वर म्हटले, ती हीच.

आजीच्या एका गोधडीला आईने फार वर्षांपूर्वी अशी पट्टी घातली होती. मागच्या हिवाळ्यात ती विरली म्हणून मी बदलायला घेतली. टाके एकेक करून कापत गेले आणि पट्टी उचलली, तर खाली चंद्रकळेची, म्हणजे काळ्या लुगड्याची, बोटभर रुंदीची काळी कुळकुळीत रेघ निघाली. बाकीची गोधडी केव्हाच राखाडी होऊन गेली होती. त्या रेघेवर आईच्या टाक्यांची भोके अंतराअंतरावर दिसत होती, कापड कुठेही फाटले नव्हते. नवी पट्टी लावताना माझी सुई त्याच भोकांतून गेली.